जमैकातली साडेतीन वर्षं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

१९९४ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तीस वर्षांनी याच शाळेत माइकसमोर उभं राहताना पाय अजून तसेच लटपटतात, हे आधीच सांगून टाकते.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी त्यांना म्हटलं, रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो, पहाटे सहाला चालू होतो आणि तो का बंद पडला होता हे नीट कुणालाच कळत नाही. माझी वाटचाल एवढीच. पंधरा मिनिटं त्यावर बोलले तर तुम्ही जेवायला उठून जाल. त्यापेक्षा मी जमैकाबद्दल बोलते. २००८ च्या जुलैपासून २०११ च्या डिसेंबरपर्यंत मी, नवरा आणि तेव्हा चार वर्षांची असलेली मुलगी असे आम्ही तिथं, किंग्स्टन शहरात राहिलो. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. कामाचं आता काही आठवत नाही. बाकीचं सगळं आठवतं.

भूगोलाच्या बाई इथं बसल्या आहेत, त्यामुळे आधी नकाशा. वेस्ट इंडीज नावाचा देश नाही, हे मला तिथं गेल्यावर रोज ऐकावं लागलं. जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, क्युबाच्या दक्षिणेला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून ते लहानच भरेल. मधे निळे डोंगर, खाली समुद्र, माडांची झाडं, लाल माती आणि कौलारू नाही तर पत्र्याची घरं. विमानतळावरून घरी जाताना नवरा म्हणाला, "अगं, आपण चुकून कुडाळात तर नाही ना उतरलो?"

आमच्या घरमालकीणबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. निवृत्त नर्स. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, आम्ही वर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परसातल्या झाडाचं एक हिरवं, गोल, खरखरीत फळ आणलं आणि आम्हाला विचारलं, "हे तुमच्याकडे नसेल ना?" मी बघतच राहिले. नीरफणस! आमच्या विहिरीजवळ जे झाड होतं, ज्याचे काप आई गणपतीत तळायची, तेच. आंटी तो अख्खा निखाऱ्यावर ठेवून काळा कुळकुळीत होईपर्यंत भाजायच्या, मग साल काढून फोडी करायच्या. तळायच्याही. मी त्यांना तिखट, मीठ, तांदळाचं पीठ लावून आपल्यासारखे काप करून दिले. त्यानंतर साडेतीन वर्षं त्या झाडाचा प्रत्येक तिसरा नीरफणस आमच्या घरी आला.

पण या फळाचा तिथला इतिहास गोड नाही. उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात काय खायला घालावं, हा इंग्रज मळेवाल्यांचा प्रश्न होता. त्यासाठी कॅप्टन ब्लायला ताहितीला पाठवलं. पहिल्या फेरीत, १७८९ साली, बाउंटी जहाजावर खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात फेकली. दुसऱ्या फेरीत, १७९३ साली, रोपं जमैकाला पोचली. सुरुवातीला गुलामांनी ते फळ खायला नकार दिला. कुणी ढकललेलं अन्न कोण आनंदानं खाईल? आणि आज त्याच गुलामांच्या पणतवंडांना ते इतकं आपलं वाटतं की आंटी मला विचारत होत्या, तुमच्याकडे हे नसेल ना.

हे मला तिथं पुन्हा पुन्हा दिसत गेलं. आंब्याचंच घ्या. आपण हापूसवाले, त्यामुळे दुसऱ्यांच्या आंब्याकडे जरा वरूनच बघतो. तिथं 'नंबर इलेव्हन' नावाचा आंबा आहे. १७८२ साली इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर आंब्याची रोपं होती आणि प्रत्येकाला नुसता आकडा दिलेला. अकरा नंबरचं तगलं, वाढलं, आणि आकडा हेच त्याचं नाव झालं. प्रोग्रामरच्या दृष्टीनं आदर्श नामकरण. आणि दुसरा एक आहे, त्याचं नाव 'बॉम्बे मँगो'. तो मधोमध गोल चिरायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, बाठा बाहेर येतो आणि दोन वाट्या उरतात, त्या चमच्यानं खायच्या. बाजारातल्या बाईनं मला तो दिला आणि सांगितलं, यापेक्षा चांगला आंबा जगात नाही. मी मुंबईच्या बाजूची आहे हे ऐकल्यावर ती मान हलवून म्हणाली, "मग तुम्हाला माहीतच असेल." मी वाद घातला नाही. देवगडचा विषयच काढला नाही.

तो कॉरोनेशन मार्केट म्हणजे आपल्या आठवडी बाजाराचा थोरला भाऊ. विकणाऱ्या बहुतेक बाया. त्यांना 'हिगलर' म्हणतात. गावाकडून पहाटे ट्रकवर बसून माल घेऊन यायचं, दिवसभर ओरडायचं, घासाघीस केली तर शिव्या, नाही केली तर वर एक मूठ जास्त. आपल्या मासळीवाल्या मावश्याच. तिथं 'कॅलालू' म्हणून जी पालेभाजी मिळते तो आपला माठ. 'गुंगो' म्हणजे तुरीचे ओले दाणे, नाताळच्या सुमारास ते नारळाच्या रसात भाताबरोबर शिजतात. नाताळातच लाल अंबाडीच्या बोंडांचं आल्याचं सरबत करतात, मोठ्यांसाठी त्यात रम. खारवलेला बांगडा नारळाच्या रसात आटवतात, त्याला 'रनडाऊन' म्हणतात. त्यांचा बांगडा वेगळ्या जातीचा, पण तो वास घरात भरला की मला शाळेतून घरी आल्यासारखं वाटायचं. 'अॅकी' मात्र सर्वस्वी त्यांचं. ते फळ पश्चिम आफ्रिकेतून आलं. झाडावर आपोआप उकललं तरच खायचं, आधी तोडलं तर विषारी. आतला पिवळा गर खाऱ्या माशाबरोबर परतला की थेट अंड्याची भुर्जी दिसते. तो त्यांचा राष्ट्रीय पदार्थ आहे. मी पहिले सहा महिने भीतीनं तोंडात घातला नाही.

एका टोपलीत बोरं होती. साधी, आपली, तुरट-गोड बोरं. विचारलं, याला काय म्हणता? ती बाई सहज म्हणाली, "कुली प्लम." बाजूला माझी ऑफिसातली मैत्रीण उभी होती, ती जरा गप्प झाली. तिची पणजी कलकत्त्याहून जहाजानं आली होती. १८४५ च्या १० मे रोजी ओल्ड हार्बर बे या बंदरात हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसं आली. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून करारावर आणलेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. बरीचशी तिथंच राहिली. त्यांनी सोबत काय आणलं? मैत्रिणीच्या घरी कुणालाही भोजपुरी येत नव्हती. देव्हारा नव्हता, ते चर्चला जायचे. पण रोटीला ते रोटीच म्हणत, आणि बकऱ्याचा मसाल्यातला रस्सा, म्हणजे 'करी गोट', तर आता प्रत्येक जमैकन लग्नात लागतो, मग वऱ्हाडी आफ्रिकी असोत, चिनी असोत की गोरे. 'गांजा' हा शब्दही आपल्याकडून गेला, त्याचा अभिमान बाळगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. 'माराघ' हे तिथलं आडनाव म्हणजे महाराज. रस्ताफारी पंथाचे एक आद्य प्रवर्तक लेनर्ड हॉवेल यांनी १९३५ साली पुस्तक लिहिलं तेव्हा टोपणनाव घेतलं होतं, गांगुंगुरू माराघ. यातले गुरू आणि महाराज आपण ओळखतोच. मैत्रीण बोरं विकत घेऊन म्हणाली, "शिवी झाडालाही चिकटते बघ." ते तिचं वाक्य माझ्याबरोबर आलं आहे.

आता भाषेचं. जमैकाची सरकारी भाषा इंग्रजी आहे. पण घरात, रस्त्यावर, भांडताना, हसताना सगळे 'पॅट्वा' बोलतात. शब्द बरेचसे इंग्रजी, पण वळण आणि ठेका आफ्रिकी. खाणे म्हणजे 'न्याम', मूल म्हणजे 'पिकनी', भूत म्हणजे 'डपी'. शाळेत ती बोलायची नाही, मुलाखतीत बोलायची नाही, ती म्हणजे मोडकी इंग्रजी, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. माझी मुलगी सहा महिन्यांत पॅट्वा बोलायला लागली तेव्हा आंटीच तिला दटावायच्या, "नीट बोल!" आणि दुसऱ्या क्षणी फोनवर बहिणीशी स्वतः तीच बोलायच्या.

तुम्ही हसताय, कारण आपल्याला हे माहीत आहे. वर्गात 'मला, तुला' आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की 'माका, तुका'. निबंधात एक 'खंय' गेला की लाल रेघ. मला त्यावरून कधी राग आला नाही, बाईंनी शिकवलेल्या प्रमाण मराठीवरच आज माझं हे भाषण उभं आहे. पण मालवणी म्हणजे अशुद्ध मराठी, हा समज मी कॉलेजात जाताना सोबत घेऊन गेले होते. पुण्याच्या हॉस्टेलात मी चार वर्षं आईशी फोनवर हळू आवाजात बोलायचे.

जमैकात एक बाई होऊन गेल्या, लुईस बेनेट. सगळा देश त्यांना मिस लू म्हणतो. १९१९ चा जन्म. त्यांनी पॅट्वात कविता लिहिल्या, त्या रंगमंचावर आणि रेडिओवर म्हटल्या. आधी लोक हसले, साहित्यिकांनी त्यांना बरीच वर्षं कवी मानलंच नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची भाषा इंग्रजीचा अपभ्रंश असेल, तर इंग्रजीसुद्धा लॅटिन-फ्रेंच वगैरेंचा अपभ्रंशच की! त्यांचं 'जमैका लॅब्रिश' हे पुस्तक १९६६ साली आलं. 'लॅब्रिश' म्हणजे गजाली. याला आपल्याकडे याहून चांगला शब्द नाही. २००६ साली त्या गेल्या तेव्हा त्यांना राष्ट्रवीरांच्या उद्यानात जागा मिळाली. आंटींच्या घरी त्यांची जुनी रेकॉर्ड होती. ती लागली की आंटी उठून उभ्या राहायच्या आणि सोबत म्हणायच्या, हातवारे करून. मला मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' आठवायचं. मुंबईतल्या प्रेक्षागृहात आमचे काका ते बघताना असेच उठून उभे राहिले होते. त्यानंतर मी आंटींना मालवणी शिकवली. त्यांना दोनच वाक्यं आली, दोन्ही इथं बोलण्याजोगी नाहीत.

क्रिकेटबद्दल बोलले नाही तर मागच्या बाकावरचे पुरुष मला सोडणार नाहीत. सबायना पार्क आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. १९७१ साली तिथं आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ काढले होते, आणि १९७६ साली तिथंच आपला डाव ९७ वर संपला, कारण पाच जण जखमी होऊन बसले होते. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यानं दोन्ही सामने पाहिले होते आणि दुसऱ्याबद्दल तो थोडासुद्धा दिलगीर नव्हता. जून २०११ मध्ये मी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन तिथं एक दिवस बसले. द्रविडनं शतक काढलं, आपण जिंकलो. विराट कोहलीची ती पहिली कसोटी, पण तेव्हा त्याच्याकडे माझं लक्षही नव्हतं, बाळ रडत होतं.

धावण्याचं वेड त्याहून मोठं. ऑगस्ट २००८, शनिवारची सकाळ, बीजिंगमध्ये उसेन बोल्टनं १०० मीटर ९.६९ सेकंदांत संपवली. आंटी स्वयंपाकघरातून दोन झाकणं घेऊन रस्त्यावर धावल्या. सगळी गल्ली झाकणं बडवत होती. पण खरं वेड तिथं ऑलिंपिकचं नाही, शाळांचं. दरवर्षी ईस्टरच्या आधी 'चॅम्प्स' नावाच्या शालेय मैदानी स्पर्धा होतात, १९१० पासून. राष्ट्रीय स्टेडियम भरतं ते पालकांनी नाही, माजी विद्यार्थ्यांनी. सत्तरीची माणसं आपापल्या शाळेच्या रंगाचे शर्ट घालून, ढोल घेऊन येतात, आणि ज्या पोरांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी घसा फोडतात. आंटी त्या आठवड्यात कुणाचं ऐकायच्या नाहीत. तिथं नवा माणूस भेटला की आडनावाच्या आधी विचारतात, शाळा कुठली? मला विचारलं तेव्हा मी आपल्या शाळेचं नाव सांगितलं. आंटींनी रंग विचारला. निळा-पांढरा म्हटल्यावर त्यांनी जरा नापसंतीनं पाहिलं, कारण तो त्यांच्या प्रतिस्पर्धी शाळेचा रंग होता. संयोजकांनो, वार्षिक क्रीडा दिवसाला आपण सगळे आलो तर काय होईल, याचा विचार करा.

सगळं असंच हसतखेळत होतं असं सांगितलं तर ते खरं नाही. मे २०१० मध्ये पश्चिम किंग्स्टनमध्ये पोलीस आणि लष्कर एका टोळीच्या म्होरक्याला पकडायला शिरलं. आणीबाणी लागली, सत्तरच्या आसपास माणसं मेली, त्यात साधी माणसं खूप. आमच्या घरापर्यंत गोळ्यांचे आवाज यायचे. कॉरोनेशन मार्केटचंही नुकसान झालं. आम्ही दारं लावून चार दिवस बसलो, आणि आंटी जिन्यावरून वर जेवण पाठवत राहिल्या. ज्या हिगलर बाईकडून मी आंबे घ्यायची ती नंतर महिनाभर दिसली नाही. मग दिसली, पण दुसऱ्या रस्त्यावर. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आता एक गोष्ट सांगते आणि थांबते. माझे बाबा तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहेत. एसटी स्टँडसमोरचं वह्या-पुस्तकांचं दुकान. जानेवारी २०११ मध्ये ते गेले. सकाळी, झोपेतच. मला सातवा महिना संपत आला होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. किंग्स्टनहून इथं यायला तसेही दोन दिवस लागतात. भावानं सगळं केलं. मी तिकडे फोन धरून बसले होते.

जमैकात माणूस गेला की नऊ रात्री त्याच्या अंगणात लोक जमतात, आणि नवव्या रात्री मोठा मेळा. त्याला 'नाइन नाइट' म्हणतात. आत्मा तोवर घरातच घुटमळतो आणि त्या रात्री निरोप घेतो, अशी समजूत. ही चाल आफ्रिकेतून आलेली. आंटींनी मला विचारलंही नाही. त्यांनी दिवस मोजले, तेही भारताच्या तारखेनं, आणि नवव्या रात्री आमच्या अंगणात दिवे लावले. गल्लीतली माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन आली. तळलेले मासे, पाव, कॉफी, बकऱ्याचं सूप. चौघे डॉमिनो मांडून बसले आणि सोंगट्या टेबलावर आपटायला लागले. कुणीतरी जमिनीवर रम शिंपडली. एक जण गाण्याची ओळ आधी बोलून दाखवायचा, मग बाकीचे ती सुरात ओढायचे, अगदी आपल्याकडे बुवा पुढे आणि मागे टाळकरी असतात तसं. मला पहिला अर्धा तास सहन होईना. घरात दुःख, आणि हे हसताहेत काय, खेळताहेत काय. आपल्याकडे सुतकात रेडिओसुद्धा लावत नाहीत.

मग तो टॅक्सीवाला म्हातारा माझ्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "कसे होते तुझे वडील? सांग." तोवर नऊ दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं, कसे गेले. मी सांगायला लागले. पेन्सिल विकत घेतली की ती ते स्वतः ब्लेडनं टोक काढून द्यायचे. उधारीची एक निळी वही होती, तिच्यात तुमच्यातल्या अनेकांची नावं होती, लाजू नका. जून महिन्यात ते नवी वही घालायचे, आणि जुनीतली बाकी नवीत उतरवायला दरवर्षी विसरायचे. इतका हिशोबी माणूस, बरोबर तेवढंच विसरायचा. हे मी इंग्रजीत सांगत होते, कधी मालवणीत गेले कळलं नाही. कुणी थांबवलं नाही. डॉमिनोवाले थांबून ऐकत होते.

नऊ वाजले असतील. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे इथले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. इथं दहावा दिवस उजाडला होता, भाऊ नदीवर गेला होता. आंटी म्हणाल्या, आईला फोन लाव. नवव्या रात्री गेलेल्याच्या खोलीतली खाट फिरवतात, म्हणजे आत्मा परत आला तर त्याला खोली ओळखू येत नाही आणि तो आपल्या वाटेनं जातो. मी म्हटलं, आंटी, आमच्याकडे असं नसतं. त्या म्हणाल्या, नसू दे, विचार. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "खाट? ती कालच हलवली. तिथं बघवत नव्हती." मी आंटींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि खुर्च्या आवरायला घेतल्या.

मुलगा मार्चमध्ये झाला. आंटी २०१९ साली गेल्या. त्यांच्या भाचीनं फोन केला, तेव्हा मी पुण्यात होते. मी आमच्या बिल्डिंगमधल्या चार जणींना बोलावलं आणि त्यांना नीरफणसाचे काप खायला घातले.

मुलगी आता वीस वर्षांची आहे. तिला मालवणी कळते, बोलता येत नाही. पॅट्वातली शिवी मात्र अजून अस्सल ठेक्यात येते. ती आज मागे बसली आहे, तिच्याशी बोलताना जपून.

तिथं निघताना 'लिकल मोर' म्हणतात. म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा. आपण नाही का, 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत. आणि बाहेर चहाच्या टेबलावर एक स्टीलचा डबा आहे, त्यात चिंचेच्या साखरेत घोळलेल्या गोळ्या आहेत. जमैकात शाळेच्या फाटकाबाहेर मिळतात तशाच, आंटींच्या कृतीनं केल्या आहेत. आधी सर आणि बाईंना द्या, मग तुम्ही घ्या. सरांच्या डायबेटिसबद्दल मी काकूंना विचारलं आहे, एक चालेल.